न शिवलेला खिसा

जादूगाराच्या बायकोला जादू दिसत नाही. मला तर नाहीच, कारण ह्यांच्या काळ्या कोटाचे चोरखिसे मीच शिवते. डाव्या बाहीत एक, काखेखाली दोन, मागे अस्तरात एक. सव्वीस वर्षं शिवते आहे. कबूतर कुठून निघणार आणि रुमाल कुठे जाणार, हे मला सुईत दोरा ओवतानाच माहीत असतं. समोर माणसं आ वासून बघत असतात आणि मी बाजूला तबक धरून, टाका उसवत तर नाही ना, या काळजीत. खरं सांगते, त्या माणसांचा मला फार हेवा वाटायचा. एकदा, फक्त एकदाच, मलाही तसं चकित व्हायचं होतं.

ह्यांची नोकरी इथे रत्नागिरीत, एका कचेरीत. जादू सुट्टीच्या दिवशी. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की वाड्यावाड्यांत पूजा असतात, आणि पूजेला ह्यांचा कार्यक्रम. मोठे खेळ सात-आठ. प्रत्येकाआधी हे घसा खाकरून "आता पाहा" म्हणणार, आणि एक खेळ संपून दुसऱ्याचं सामान मांडून होईपर्यंत सगळा थंडा कारभार. आताशा तेवढ्या वेळात लोक मोबाईल काढतात. दोन वर्षांपूर्वी लांज्याकडच्या एका गावात तर हे पेटी मांडत असताना मंडपातली निम्मी माणसं चहाला उठली. परतताना हे म्हणाले की आता पुरे, कोट ठेवून देऊ.

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, मधल्या वेळातही काहीतरी होऊ दे, पण सांगून-सवरून नाही. घाम पुसायला रुमाल पांढरा काढा, परत ठेवताना पिवळा ठेवा, आणि त्याच्याकडे बघूसुद्धा नका. ह्यांना काही हे पटेना. जी जादू कुणी बघितलीच नाही ती केली कशाला, असा ह्यांचा सवाल. मी म्हटलं, एक जण बघेल, तो शेजारच्याला सांगेल, आणि मग दोघंही तुमच्यावरची नजर काढायचे नाहीत. आठवडाभर धुसफूस करून एकदाचे तयार झाले.

सुरुवातीला फजितीच व्हायची. रुमाल बदलला की हे हळूच समोर बघायचे, कुणी पाहिलं का म्हणून, आणि तिथेच सगळी गंमत जायची. शेवटी घरी आरशापुढे उभं करून मी ती सवय मोडली. मग मात्र जमलं. पत्त्यावर सही करायला दिलेला पेन परत घेऊन हे कानावर ठेवायचे, टेबल ओढायला वळायचे, की कानावर खडू. ह्यांचं आपलं बोलणं चालूच. एका गावात पुढच्या रांगेतल्या आजोबांना राहवेना. "आवो, पेन कुटं ग्येला तुमचा?" त्यांनी विचारलं. ह्यांनी कान चाचपला, खडूकडे पाहिलं, तो खिशात टाकला आणि टेबल मांडायला लागले. त्या दिवशी चहाला कुणी उठलं नाही.

कोट ठेवून द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. माझा मात्र तोटाच झाला. या बारक्यासारक्या जादूंनाही खिसे लागतात, आणि ते दुसरं कोण शिवणार? आधी मला सात-आठ गुपितं माहीत असायची, आता पंधरा झाली.

गेल्या मे महिन्यात संगमेश्वराकडच्या एका वाडीत संध्याकाळी कार्यक्रम होता. दोरीचा खेळ संपला. हे पेटीकडे जाता जाता माझ्यापाशी थांबले, रुमालाने हात पुसले आणि सहज तोंडात काहीतरी टाकलं. फणसाचा गरा. कापा, पिवळाधमक. चावत चावत आठळी माझ्या तबकात ठेवली, दुसरा गरा माझ्या हातावर दिला आणि पेटीचं झाकण उघडायला निघून गेले.

"अगं बाई!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की मंडपाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. माणसं हसली. त्यांना वाटलं, हेही ठरवलेलंच असणार. पण फणसाचा वास कधी खिशात लपलाय? निघताना कोट मीच घडी केला होता, येताना रिक्षात तो माझ्याच मांडीवर होता. आणि असा खिसा मी शिवला नव्हता. मी गरा तोंडात टाकला. ताजा होता, गोड होता. डोळे भरून आले ते तसेच राहू दिले.

परतताना हे खुशीत होते. "सांगू का कसं केलं?" असं दोनदा विचारून झालं. मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा ते कोटाची बाही उलटी करायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"सव्वीस वर्षं सगळं आधी मला सांगून मग लोकांना दाखवलंत," मी म्हटलं. "एवढं एक नका सांगू."

ह्यांनी बाही सरळ केली. घर येईपर्यंत कोट त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरला.

एरवी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी कोट उलटा करून अस्तर तपासते, उसवलेलं टाचते. या वेळी तो तसाच पिशवीत घालून नाक्यावरच्या लॉन्ड्रीत नेला. लॉन्ड्रीवाल्यांनी सवयीने विचारलं, "वहिनी, खिसे बघून घेतलेत ना?" मी म्हटलं, तुम्हीच बघा. आणि त्यांचं बघून होईपर्यंत मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.