घरून दिलेली परीक्षा

मला स्वस्थ बसता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. माझ्या या गुणानं घरातल्या सगळ्यांना जेरीस आणलेलं आहे. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत आयर्लंडमधल्या शाळा पुन्हा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या चेरीवूडच्या ऑफिसातून कळलं, की उन्हाळ्यात त्याची बदली अमेरिकेत होणार. व्हिसाचं ऑफिस बंद होतं, प्रवासावर बंदी होती, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचीसुद्धा परवानगी नव्हती. पण मी त्याच दुपारपासून अमेरिकेतल्या शाळा बघायला सुरुवात केली.

"बाजारात तुरी," आप्पा म्हणाले. पुढचं ते बोलले नाहीत, कारण जावई समोर बसला होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सिटीवेस्टला आले, विमानं थांबली आणि ते इथंच अडकले. हाताला काम नाही, बोलायला माणूस नाही, म्हणून त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर शाळा काढली. विद्यार्थिनी एकच, माझी आठ वर्षांची लेक. आप्पा मराठीत शिकवायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

माझं मात्र काही केल्या उत्तम चालेना. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासायच्या, आकडा कुठून आला ते विचारायचं, हे माझं काम. आणि इथल्या शाळेत तर आकडाच नव्हता. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर लिहून आलं होतं, की ती वर्गात असणं ही आनंदाची गोष्ट आहे. मी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. बाईंना फोनवर विचारलं, ती नेमकी कुठं आहे, पुढे की मागे? त्या म्हणाल्या, "शी इज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथं नुसतं 'ठीक'! या देशात पाऊसही ग्रँड असतो आणि ऑपरेशन झालेला पेशंटही. त्यातून काय समजायचं?

अमेरिकेचं तसं नव्हतं. तिथं प्रत्येक शाळेला दहापैकी गुण होते आणि ते घरं विकणाऱ्यांच्या संकेतस्थळावर, घराच्या फोटोखालीच, छापलेले होते. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एका टेबलाला एकच खुर्ची ठेवलेली असायची. तिथं बसून मी डबा खायची आणि डाव्या हातानं फोनवर शाळा सरकवत राहायची. परीक्षेचे निकाल, शिक्षकामागे मुलं किती, फुकट जेवण घेणारी गरीब मुलं किती. एका रस्त्याच्या अलीकडची शाळा नऊ गुणांची आणि पलीकडची चार. अलीकडचं घर त्यामुळेच महाग. मी एक तक्ता केला, त्याला रंग दिले आणि संध्याकाळी आप्पांना दाखवला.

"पट किती शाळंचा?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

मी सांगितलं, की तिथला पट सध्या घसरलाय. कित्येक मुलं ऑनलाइन वर्गालाही येत नाहीत आणि ती कुठं आहेत हे शाळांनाच माहीत नाही, असं वाचलंय. आप्पांनी चष्मा काढला.

"पटावरनं गेली म्हंजे ती पोरं गेली कुठं?"

"आप्पा, ती आपल्या शाळेतली नाहीत. तुम्ही हा रकाना बघा, गणिताचा."

त्यांनी रकाना बघितला आणि तक्ता माझ्याकडे परत सरकवला. घर बघून पोराला शाळा मिळते हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं.

कंपनी पहिले तीन महिने जो फ्लॅट देणार होती त्याच्या पत्त्यावर लेकीचं नाव नोंदवता येणार होतं. जन्मदाखला, लसींचं कार्ड, भाड्याचा करार, सगळं मी एका दिवसात पाठवलं. शाळा नऊ गुणांची होती. त्यांचं उत्तर आलं, की नव्या मुलांची पातळी समजावी म्हणून दोन परीक्षा आहेत, गणित आणि वाचन. त्या घरूनच, स्क्रीनवर द्यायच्या. पालकांनी मदत करू नये. शेवटी एका चौकोनात पालकांनी खूण करायची, की मूल एकट्यानं बसलं होतं.

गणितात चांगली पातळी आली, तर हुशार मुलांच्या वेगळ्या तुकडीत घालणार होते. त्या ओळीनं माझी झोप उडवली. आपली पोर एका नव्या देशात जाणार, तिथं तिला कुणी ओळखत नाही, निदान पहिल्या दिवशी ती वरच्या तुकडीत तरी असावी. यात माझं काय चुकलं, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

त्याच दिवसांत आप्पांनी तिला तपासणीची गोष्ट सांगितली होती. गावच्या शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं, की आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवायचं: साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. गुरुजी उजव्या हातवाल्यालाच उठवणार. साहेब खूश, गुरुजी खूश. ही युक्ती महाराष्ट्रातल्या निम्म्या मास्तरांनी केली असेल. लेक हसून हसून खुर्चीवरून घसरली होती.

परीक्षेच्या शनिवारी ती जेवणाच्या टेबलावर बसली आणि मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. आमच्याकडे मध्ये भिंत नाही. तिसऱ्या प्रश्नाला तिनं माझ्याकडे न बघता डावा हात वर केला. गंमत म्हणून केला, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं.

मी नाही म्हणून मान हलवायला हवी होती. ती लहान होती, मी नव्हते. पण मी ओल्या हातानं तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवलं.

मग ते सुरूच झालं. दोन उजवे, एक डावा. एक उजवा, दोन डावे. पुढे पुढे नुसता डावाच. प्रश्न भलतेच अवघड निघाले. अपूर्णांकांचे गुणाकार, कोपरे कापलेल्या आकृत्यांची क्षेत्रफळं. दुसरीतल्या मुलीला हे? मी वाणसामानाच्या पावतीमागे आकडेमोड करत होते आणि अमेरिकेचं शिक्षण किती पुढे आहे म्हणून मनातून हरखतही होते. शेवटी शेवटी लेक स्क्रीनकडे बघतही नव्हती. ती टेबलावर गाल टेकून बसली होती. चौकोन आला. मी खूण केली.

दुसऱ्या दिवशी वाचनाची परीक्षा. मी पदर खोचून तयारच होते, पण तिनं पूर्ण वेळ उजवा हात वर धरून ठेवला. दुखायला लागला तेव्हा उत्तर देऊन झालं, की डाव्या हातानं त्याला आधार द्यायची. मी म्हटलं, वा!

दहा दिवसांनी निकाल आला. गणितात ती दोन इयत्ता पुढे होती आणि हुशारांच्या तुकडीत तिचं नाव गेलं होतं. वाचनात मात्र तिच्या इयत्तेइतकीच, ना पुढे ना मागे. मी गणिताचा पेढा म्हणून शिरा केला, पुण्याला सासूबाईंना फोन केला आणि मग लेकीला धारेवर धरलं.

"वाचनाला उजवा हात का धरून ठेवलास? येत नव्हतं ना?"

"बिकॉज व्हेन यू कम, इट गेट्स हार्डर," ती म्हणाली.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, रोज अर्धा तास वाचायला बसायचं.

त्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. आप्पा गणिताची वही काढायचे आणि हिचं पोट दुखायचं. मार्चच्या पहिल्या तारखेला तिची शाळा उघडली. सकाळी ती उड्या मारत गेली, दुपारी हसत आली, वही दिसली की पोट. मी ओवा दिला, हिंग लावला. एकदा जेवताना तिनं विचारलं, "आई, विल यू बी देअर फॉर मॅथ्स? इन अमेरिका?"

"मला तिथं नोकरी शोधायची आहे, राणी. तू शाळेत, मी कामावर."

तिनं मान डोलवली आणि ताट पुढे सरकवलं. आप्पा तिच्याकडे बघत होते. ती वर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय केलंस गं तू?"

मी सांगितलं. हेडमास्तरांपुढे मुलीनं सांगावं तसं, नळाकडे तोंड करून, भांडी घासत. ती परीक्षा उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न वरच्या इयत्तेचा देते, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. नियमांच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. दुसऱ्यांचे कागद दिवसभर वाचणारी मी! मी बोट ठेवत गेले आणि माझ्या बोटागणिक पोरीचे पाय जमिनीवरून सुटत गेले.

मला वाटलं, आप्पा रागावतील.

"ती डाव्या हाताची गंमत सांगितली तुझ्या पोरीला, ती अर्धीच सांगितली," ते म्हणाले. "साहेब शेरा लिहून जायचे, वर्ग उत्तम. उत्तम म्हणल्यावर ज्यादा मास्तर कोण देतंय? ज्यांनी डावा हात केला हुता ती तशीच पुढच्या वर्गात. सातवीला गेल्यावर कळायचं, की वाचताच येत न्हाई. मग पोरी घरी बसायच्या." आणि म्हणाले, "मी हेडमास्तर हुतो तवा. दुसऱ्या कुणाचं सांगत न्हाई."

आप्पांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी नळ बंद केला.

नवरा म्हणाला, "राहू दे ना. आता सिस्टिममध्ये गेलंय. उगाच कुठं छेडतेस?" मी त्याच्यावर इतकी उखडले, की खरं तर ते सगळं मी स्वतःलाच बोलत होते, हे त्यालाही कळलं. आमच्या कारखान्यात चूक झाली तर ती खोडायची नसते. वर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपली सही. हे मी नव्या पोरांना शिकवते. घरी मात्र शाळेला पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'थोडी तांत्रिक मदत' असं होतं. दुसऱ्यात 'प्रश्न समजावून सांगितला'. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून लिहिलं, की गणिताची बरीच उत्तरं मी सांगितली, खूण खोटी होती, मुलीचा दोष नाही, तिला पुन्हा बसू द्या. पाठवलं आणि डबा न खाताच कामावर गेले.

उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार, ही नवी लिंक. कुणी काही बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या शनिवारी नवरा वरच्या खोलीत दार लावून बसला आणि आप्पा मला बाहेर घेऊन गेले. लुआसच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. वारा बोचरा होता. मी चार पावलं पुढे जायची आणि मागे वळायची. तिला मफलर दिलाय का, खुर्ची उंच आहे का, इंटरनेट बंद पडलं तर? तीनदा मी घराकडे निघाले आणि तीनदा आप्पांनी माझी बाही धरली. "तुझी काय परीक्षा हाय का?" ते म्हणाले. बाही मात्र त्यांनी सोडली नाही. आम्ही थांब्यावर सहा गाड्या येताना आणि जाताना पाहिल्या.

घरी आलो तेव्हा ती टेबलापाशी बसून टोस्ट खात होती. स्क्रीनवर गुण आलेले होते. मी आधी तिच्याकडे बघायला हवं होतं, पण मी तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं. तिच्या इयत्तेचं गणित तिला येत होतं. तेवढंच, त्याच्यावर बोटभरही नाही. वरची तुकडी गेली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. आणि मी मान वळवली तर ती माझ्याच चेहऱ्याकडे बघत होती.

"कसं गेलं गं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"ग्रँड," ती म्हणाली. टोस्टचा घास संपवून तिनं बोटं पुसली. "धिस टाइम द क्वेश्चन्स वेअर फॉर मी."