सुरुंगांआधीच शाल

आमच्या इथल्या, पॉइंट कुकच्या मराठी मंडळाला सत्काराची भारी हौस. कोणी तावडीत सापडला की घाल शाल, दे नारळ. यंदाचे पाहुणे मीच सुचवले होते. शेजारचे ऑस्ट्रेलियन आजोबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांचे वडील महायुद्धात नौदलात होते. त्यांचं जहाज आधी डिस्ट्रॉयर, म्हणजे लढाऊ, आणि नंतर माइनस्वीपर, समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारं. "वडिलांबद्दल एकदा तरी लोकांसमोर बोलायचंय गं," असं ते कुंपणावरून म्हणाले आणि मी लगेच, "या की आमच्याकडे!"

कार्यक्रम अर्थातच उशिरा सुरू झाला. पोरांचे नाच, मग प्रायोजकांचे आभार संपता संपेनात. आजोबा कोट-टाय घालून पहिल्या रांगेत ताटकळले. अखेर माइक मिळाला. माणूस शिस्तीचा. जहाज कुठे बांधलं, तोफा किती, टॉर्पेडो कुठे, सगळं क्रमाने. लढाई आली तेव्हा टाळ्याही पडल्या. मग जहाज जुनं झालं, तोफा उतरवल्या, सुरुंग काढायची यंत्रं चढवली, इथवर ते आले.

तेवढ्यात मसालेभाताचा वास सुटला. लोक खुर्च्या सरकवायला लागले. अध्यक्षबाई कानाशी आल्या, "अगं, हॉल रिकामा करायचाय. सत्कार उरकून टाक ना!" आणि मी अतिशहाणी गेले की स्टेजवर! वाक्य अर्धं असताना त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. पाहुण्याला 'आवरा' असं तोंडावर कोण म्हणणार? आमच्यात हे असंच करतात. ते गोंधळले, "थँक यू" म्हणाले आणि खाली उतरले.

त्यांना घरी सोडताना गाडीत मला गप्प बसवेना. विचारलं, "वडील कुठल्या तोफेवर होते?"

"तोफा काढल्यावर भरती झाले ते. सुरुंग काढायलाच. बाकीचे खलाशी त्यांना झाडूवाले म्हणून हसायचे. माझं पुढचं वाक्य त्यांच्याबद्दलच होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. कसंबसं म्हटलं, "मला सांगा ना आता. सगळं सांगा."

"नो वरीज, मेट," ते म्हणाले. "तुला तर मी कधीही सांगितलं असतं. लोकांना सांगायचं होतं."