कारागिराची टाच

उखाच्या टाचेमागची शीर अंगठ्याएवढी जाड होती आणि, खोटं कशाला सांगा, त्याला तिचा गर्वच होता. नवागामच्या यंत्रमाग कामगारांच्या खोल्यांत नवा माणूस राहायला आला की हा लेंगा वर करून दाखवायचा, "ही बघ कारागिराची टाच! बारा-बारा तास लूमपुढे उभं राहिल्याशिवाय अशी होत नाही." त्याच्या बापाची तशीच होती, थोरला भाऊ हिलाल याचीही. बाप बेचाळिसाव्या वर्षी लूमपुढेच कोसळला. हिलाल अडतिसाव्या वर्षी गेला, १९९० च्या दिवाळीआधी, पहिलीला जोडून दुसरी पाळी भरताना. लूमने दोघांना खाल्लं, असं सगळे म्हणाले.

उखाचं तेवढ्याने भागलं नाही. हिलालची बायको सरलाबाई रडता रडता बोलून गेली, की सकाळी ते छाती भरल्यासारखी होतेय म्हणत होते, मला वाटलं गॅस असेल, ओवा दिला नि डबा भरून पाठवलं. झालं! उखाच्या डोक्यात तिडीक गेली. मयत दारात, आणि हा भर माणसांत ओरडला, "तूच खादं मना भाऊले!"

तेराव्यानंतर अकरा वर्षांच्या मुलाला, कुंदनला, घेऊन सरलाबाईने कतारगामला खोली केली, लोकांची धुणीभांडी केली, पण पोराला लूमच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. मोठा झाल्यावर तो हिरे घासायला बसला. बसून काम, पंख्याखाली काम. सात वर्षं दीर-भावजयीने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग सत्त्याण्णव साली एका दुपारी लूमपुढे उखाच्याच छातीत कळ आली. सोबत्यांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. चौथ्या दिवशी तरुण गुजराती डॉक्टरीणबाईंनी त्याच्या टाचेची शीर दाबून पाहिली.

"ही गाठ कधीपासून?"

"लूमवर उभं राहून झाली, बेन."

"इथे रोज लूमवाले येतात. त्यांना का नाही झाली?"

बाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्याला कळेल अशा हिंदीत सांगू लागल्या. रक्तातली चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल, उचलायचं काम यकृताचं. काहींच्या यकृताला ते जन्मापासूनच नीट जमत नाही. मग ती चरबी टाचेच्या शिरेत साठते, हृदयाच्या नळ्यांतही साठते.

"पण बेन, तूप आम्ही फक्त सणाला बघतो!"

"तुपाला काय बोल लावता? हे बापाकडून आलंय. भावाचंही तेच असणार. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी असते. मुलं किती तुमच्या घरात?"

दुसऱ्याच दिवशी उखाच्या एकुलत्या एक पोरीचं रक्त तपासलं. साफ निघालं. उखाने देवाला हात जोडले आणि एकदम त्याला आठवलं. हिलालचा कुंदन! वेळेत कळलं तर गोळ्या आहेत, पथ्य आहे, पुष्कळ आवरता येतं, असं बाई म्हणाल्या होत्या. पण त्या पोराला सांगणार कोण? उखाने ओळखीच्या दोघांकडून भेटायचंय असा निरोप धाडला. त्या घराचं नाव माझ्या दारात काढू नका, असं सरलाबाईचं उत्तर आलं.

जिने चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी घरी सोडल्यावर पहिल्याच रविवारी उखा धापा टाकत कतारगामला दुसऱ्या मजल्यावर पोचला. सरलाबाईने दार अर्धंच उघडलं.

"कसाले उनात?" कशाला आलात, असं तिने तुटकपणे विचारलं.

"वहिनी, कुंदनना पाय देखना शे."

माणूस कामातून गेला, असंच तिला वाटलं असेल. ती दार लोटायला लागली तसा उखाने फटीत हात घातला. "मारा मले, थुका मनावर, पण पाय देखू द्या!"

आवाज ऐकून कुंदन आतून आला. "काका, शुं थयुं, काय झालं?" उखा उंबऱ्यातच खाली बसला आणि पुतण्याचा पाय त्याने मांडीवर घेतला. टाचेमागे शीर जाड होती, गाठ हाताला लागत होती. आणि हे पोर जन्मात एक दिवस लूमपुढे उभं राहिलं नव्हतं.

"ते चप्पल घासून झालंय," कुंदन म्हणाला.

उखाने अडखळत सगळं सांगितलं. कुंदनचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीपण अडतीसलाच?" उखाला नाही म्हणायचं होतं, ओरडून म्हणायचं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं सांगितलं होतं, खात्रीचं नाही. तो पुतण्याचा पाय तसाच धरून बसला.

सरलाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "हाई त्यास्ना अंगमा जल्मपासूनच व्हतं?"

"व्हतं."

"म्हंजे मी नई मारं ना त्यास्ले?"

सात वर्षं ही बाई रोज स्वतःला हेच विचारत जगली, आणि हा प्रश्न तिच्या उरावर आपणच ठेवला, हे उखाला तेव्हा कळलं. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. "नई, वहिनी. नई."

तिने त्याला उठवलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि पोराकडे बघत विचारलं, "दवाखाना सकायले कितला वाजता उघडस?"