चिकाची वाटी

शेजारून आज खरवस आला. वाटीवरचे झाकण काढताच गूळ आणि वेलची यांचा वास दरवळला, आणि मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या आमच्या मालवणच्या घरात जाऊन उभा राहिलो.

सुमनचे, माझ्या लेकीचे, पहिले बाळ तिच्या आईच्या जुनाट समजुतींमुळे गेले, असे आमची भावकी आजही सांगते. हे धादांत खोटे आहे. मी तिथे होतो.

बाळ एका दिवसाचे होते. बाळंतिणीच्या खोलीतून सुमन म्हणाली, "बाबा, त्याका भूक लागली हा. पाजू मा?"

"पयलां पिवळां दूध पिळून टाक," मी दारातूनच बजावले. "तीन दिस मधाचां बोट पुरे."

त्याच आठवड्यात आमची गाय व्याली होती. तिच्या चिकाचा खरवस उकडत बसलेली माझी बायको चुलीपुढून म्हणाली, "वासराक चीक चलता, मगे माझ्या नातवाक कित्याक नको?"

"तू गप रव गो! माका शिकव नको."

सुमनने भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध पिळले. बायकोने ती वाटी पदराखाली झाकून नेली आणि माडाच्या मुळाशी रिती केली. दुपारी मी खरवसाच्या दोन वड्या मागून घेऊन खाल्ल्या.

पाचवी पुजण्याआधीच बाळ गेले. त्या दुधाने ते वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण ते उपाशी गेले, एवढे मी जाणतो.

बायकोने पुढे आयुष्यभर भावकीचे बोल ऐकले. मरेपर्यंत तिने त्यांच्यापुढे माझे नाव घेतले नाही, आणि मीही स्वतःचे कधी घेतले नाही.