टीचरम्मांचे पस्तीस मार्क

माझ्या बायकोच्या मामांइतका चिवट विद्यार्थी कावेरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि ते शिकायला बसले तेव्हा त्यांचं वय होतं अडुसष्ट. वीजखात्यातून निवृत्त झालेला, पंचांग बघून दाढी करणारा हा कुंभकोणमचा मराठी माणूस दर डिसेंबरात नाताळच्या भेटी शिवतो आणि केक भाजतो, असं लग्नानंतर कानावर आलं, तेव्हा मला वाटलं, सासुरवाडीचे लोक नव्या जावयाची थट्टा करताहेत. मग स्वतःच पाहिलं. अंगात काही नाही, कपाळावर ठसठशीत गंध, पाय शिलाईमशीनवर आणि ओठांत सात टाचण्या. त्या सात टाचण्यांतूनही ते बोलत होते.

हे कशासाठी, असं विचारलं की दर वेळी नवं कारण. कधी म्हणत, मशीन गुडघ्यांना चांगलं. कधी म्हणत, शिवताना रक्तदाब उतरतो. खरं कारण खणून काढायला मला चार वर्षं लागली. मामी गेल्यानंतर शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन मामा शेजारच्या टीचरम्मांकडे गेले होते. टीचरम्मा म्हणजे शाळेत जन्मभर शिवण शिकवून घरी बसलेल्या बाई. त्यांनी बटण लावून दिलं नाही, सुई पुढे केली आणि म्हणाल्या, "लावा." दोन तास लागले. झालं, ती विद्या ठरली, आणि विद्या म्हटली की दक्षिणा आली. मामांच्या मते दक्षिणा आपल्या सणाला देणं म्हणजे आपली सोय बघणं. ती गुरूच्या सणाला द्यावी, आणि स्वतःच्या हातची. टीचरम्मांचा सण नाताळ.

अडचण एवढीच, की टीचरम्मा भेट नुसती घेत नसत, तपासत. चष्मा चढवून शंभरापैकी मार्क देत. पास व्हायला पस्तीस. पहिल्या वर्षी मामांनी एप्रन शिवला. परक्या बाईंना फीत कशी लावायची, म्हणून माप कंपाउंडच्या भिंतीवरून नजरेनं घेतलं. भिंतीवरून टीचरम्मा खांद्यापर्यंतच दिसतात, बाकीचा अंदाज. त्या एप्रनात टीचरम्मा, त्यांची खुर्ची आणि खुर्चीखालचं मांजर असे तिघे आरामात मावले. अकरा मार्क. सोबतचा केक बिनअंड्याचा, कुकरात वाळू तापवून केलेला. तो उतरवायच्या क्षणाला राहुकाळ लागला आणि मामा हात बांधून उभे राहिले. दीड तासानं जे निघालं, त्यानं वर्षभर दार अडवून धरलं.

"मामा, निदान गॅस तरी बंद करायचा."

"बंद करणं हे कामच की, माप्पिळै." जावयाला आमच्याकडे तमिळमध्येच हाक मारतात.

पुढे त्यांनी स्वामीमलैला जाऊन मूर्तिकाराकडून केकसाठी पंचधातूचं चांदणीच्या आकाराचं पात्र ओतून आणलं. मूर्तिकारानं सवयीनं खाली कमळ काढलं होतं. पात्र इतकं जड, की शेगडी गुडघे टेकून बसली. त्यातून केक काही निघेना, तेव्हा मामा विचारायला परत गेले. मूर्तिकार म्हणाला, "आम्ही साचा फोडतो." मामा तीन दिवस हातोडी घेऊन विचारात. शेवटी "अस्कं चुकलं," म्हणाले, म्हणजे आमच्या जुन्या बोलीत सगळंच चुकलं. ते पात्र आता तुळशीपाशी आहे आणि येणारे-जाणारे त्याला नमस्कार करतात.

असं करत करत मामा अठ्ठावीसपर्यंत चढले. आणि गेल्या नाताळाच्या आधी कळलं, की मुलगा टीचरम्मांना कायमचं कोइमतूरला नेतोय. पास व्हायची ही शेवटची संधी. मामांनी गरम भांडी धरायच्या मोज्यांच्या अठरा जोड्या शिवून उसवल्या, एकोणिसावी ठेवली. केकही झाला. मी थापाड्या आहे हे जगजाहीर आहे, तरी शपथेवर सांगतो, तो केक सुरेख झाला होता.

डबा धरायच्या निमित्तानं मीही मागोमाग गेलो. टीचरम्मांचं अर्धं घर खोक्यांत बांधलेलं. त्यांनी केकचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. मोजे उलटे करून शिवणीवरून नख फिरवलं. मामा समोर हात जोडून उभे.

"चौतीस," टीचरम्मा म्हणाल्या.

"एका मार्कासाठी?" मला राहवेना. "अहो, तीन तुकडे खाल्लेत तुम्ही."

"तंबी, पेपर कोण तपासतंय?" धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारून मला गप्प केलं आणि त्यांनी मामांना मोज्याच्या आतली एक बारीकशी गाठ दाखवली. "ही राहिली. पुढच्या नाताळला परत बसा. सेंटर कोइमतूर."

बसमधल्या खिडकीच्या जागेसाठी कंडक्टरशी तिरुविडैमरुदूरपर्यंत भांडत जाणारा हा माणूस फक्त "सेरी, टीचर," म्हणजे बरं, एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी सामानाचा टेम्पो गेला. मामा टीचरम्मांच्या दाराच्या कुलपाकडे बघत अंगणात उभे होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, एवढ्या लांबच्या गाडीत केकचा चुरा होईल."

"मांडीवर घेऊन बसेन," ते म्हणाले.