किटलीचं बटण

आमदारीणबाईंच्या घरात सालं मोजायची रीतच वेगळी. नवरा अपक्ष, पक्ष नाही म्हणून कायमचं चिन्हही नाही, दर निवडणुकीला नवं. त्यामुळे मुलगी झाली ती किटलीच्या साली, सासूबाई गेल्या त्या शिडीच्या, आणि मुलीचं लग्न झालं शिलाई मशीनच्या. पहिली ती किटलीच बाईंच्या मनात घर करून बसली होती. त्या वेळी खरी किटली हातात घेऊन ती नवऱ्याबरोबर दारोदार हिंडली होती. तसं दोघांनी मिळून हिंडणं पुन्हा कधी झालंच नाही.

पुढे आमदार लोकांचे झाले. सकाळी पुढची खोली माणसांनी भरायची. कुणाची बदली अडलेली, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाची सून नांदत नाही. तेवढं आटोपलं की गाडी दारात. सभागृहात बसायचे शेवटच्या बाकावर एकटेच. बोलले तर बाक वाजवायलाही कुणी नाही. एकदा सरकार काठावर आलं तेव्हा दोन्हीकडून मंत्रिपदाचं गाजर दाखवलं गेलं. यांनी नदीवर पूल मागितला आणि पदरात पाडून घेतला.

"भाजा लष्कराच्या भाकऱ्या," ती म्हणायची.

"एवढीच निवडणूक गं," ते म्हणायचे. असं दर खेपेला म्हणायचे.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते उभे राहिले नाहीत. तिला वाटलं, आला एकदाचा माणूस घरी. कसलं काय! रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून रिकाम्या पुढच्या खोलीत बसायचे, दाराकडे डोळे लावून. तिला राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

मतदानाला दोघं चालत गेली. यंत्रावर त्यांचं नाव नसायची ही पहिलीच खेप. आणि किटली मिळाली होती ती त्यांच्या जुन्या वैऱ्याच्या भाच्याला. टोप्या घालण्यात मामाच्याही वरताण! पडद्याआड तिनं बोट उचललं आणि जरा वेळ तसंच धरून ठेवलं.

परतताना पुलावर ते दम खायला थांबले. बायकोला तिचं मत त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"कुणाला दिलंस?"

"किटलीला."

"अगं, चोर आहे तो भाचा!"

"ठाऊक आहे. बोट गेलं तिकडे. तुम्ही कुणाला दिलंत?"

ते बोटावरच्या शाईकडे बघत राहिले. "किटलीलाच."

दोघं इतकी हसली की जाणारे-येणारे वळून बघू लागले. मग त्यांचं हसू ओसरलं.

"मला अजून सभागृहात जायचं होतं गं," ते म्हणाले.

"आणि मला तुम्ही घरी यायला हवे होतात."

घरी आल्यावर त्यांनी पुढच्या खोलीचं कुलूप काढलं नाही. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले, स्टूल ओढून बसले.

"आमदारीणबाई, माझं एक काम होतं."

"मी कधीची रांगेत आहे," ती म्हणाली. "आधी माझं ऐका."