टाकीवरची रेघ

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे. फुटके साचे, रिकाम्या गोण्या आणि टाकून द्यायला कोणी धजावत नाही अशा सगळ्या वस्तू तिथे जातात. बाबांची मोटरसायकल तिथे गेली तेव्हा कोणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. किक मारून मारून पाय दुखला तरी ती चालू होत नव्हती, आणि मूर्ती पोचवायला तोवर टेम्पो आला होता.

मी रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जातो. बसमध्ये मोबाइलवर जुन्या गाड्या कापून, रंगवून नव्या करणाऱ्यांचे व्हिडिओ बघायची सवय लागली, आणि सवयीचं खूळ झालं. एका दिवाळीनंतर, कारखान्यात काम थंड असताना, मी ती गाडी बाहेर ओढली. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने घर बांधलं होतं. सीट उंदरांनी खाल्ली होती. टाकीच्या एका बाजूला ताटलीएवढा पोचा होता, कारण कधीतरी तिच्यावर साचा पडला होता. चुलतभाऊ कारखान्याच्या दारातून बघत होता. म्हणाला, "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

बाबा आखणी करायचे. मूर्तीचे डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. ते शेवटचं काम, आणि आमच्या कारखान्यात ते बाबांशिवाय कोणी करत नसे. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला तसं ते काम चुलतभावाकडे गेलं. कोणी काढून घेतलं नाही. एका सकाळी ब्रश घेऊन बाबांच्या जागी तो बसला, एवढंच. गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली, पण बाबांनी ब्रश परत धरला नाही. ते दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढत. सगळे त्यांना हो हो म्हणत.

आई मला म्हणाली, "ह्यांच्या हाताला कायतरी दे रे. नाय तर बसून बसून सुकून जातील."

गाडी मी माझ्यासाठीच काढली होती, हे कबूल. पण आई असं बोलल्यावर माझ्या मनात दुसरंच येऊ लागलं. बाबांनी पुन्हा काहीतरी हातात घ्यावं, निदान एखादा पाना तरी, असं मला गाडीपेक्षाही जास्त वाटायला लागलं.

इंजिन मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात चाचांकडे दिलं. चाचा बरीच वर्षं गल्फमध्ये जनरेटर दुरुस्त करून परत आलेले, पुलापलीकडे त्यांचं छोटं गॅरेज आहे. त्यांनी इंजिन उघडलं, आत बघितलं आणि फक्त "या अल्ला" म्हणाले. तरी केलं त्यांनी ते, सवडीने. बाकीचं मी जमेल तसं उरकलं. हँडल भंगारवाल्याकडचं. मागचा मडगार्ड कापून आखूड केला. सीट रोह्याला रिक्षाच्या गाद्या शिवणाऱ्याकडून करून घेतली, त्यामुळे तिला रिक्षाचाच वास येतो. चासीला हात लावला नाही, पोलिसांशी वाद घालायची हौस नव्हती.

राहिली टाकी. पोच्यासाठी चाचांनी पत्र्यावर लावायची लांबी, म्हणजे पुटी, आणायला सांगितलं होतं. मी डबा आणायच्या आधीच एका दुपारी शिफ्टवरून आलो, तर टाकी बाबांच्या मांडीवर. शेजारी घमेल्यात प्लास्टर कालवलेलं. मूर्तीचा खळगा भरतात तसा त्यांनी टाकीचा पोचा भरला होता आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून पत्तीने तो घोटत होते. पेणमध्ये जन्मलेल्या माणसाला खळगा दिसला की प्लास्टर आठवतं, त्याला इलाज नाही.

पत्र्यावर प्लास्टर टिकत नाही हे मला माहीत होतं. पण बाबा घोटत होते. वाकून, ओठ मिटून, पूर्वी घोटायचे तसे. मी लांबीचं नावच काढलं नाही. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

चुलतभावाने कारखान्याच्या स्प्रेगनने टाकीला काळपट हिरवा रंग मारला. तो वाळल्यावर बाबांनी बारीक ब्रश मागितला. मागितला म्हणजे नुसता हात पुढे केला. चुलतभावाने आपल्या हातातला ब्रश त्यांना दिला. टाकीच्या कडेने सोनेरी रेघ ओढायची होती. बाबांनी श्वास रोखला आणि सुरुवात केली. पुढून रेघ छान निघाली. पोच्याच्या जागी आल्यावर ती हलली, आणि तिथून शेवटपर्यंत मुंगीच्या वाटेसारखी वरखाली होत गेली.

"एक नंबर," चुलतभाऊ म्हणाला.

"मस्त झाली, बाबा," मी म्हणालो.

बाबांनी ब्रश धुऊन ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, दमले असतील. मी तर खुशीत होतो. रेघ वाकडी का असेना, त्यांनी ब्रश धरला होता.

टाकी बसवून चार दिवस झाले नसतील. पहिल्या शिफ्टला निघालो होतो. कासूच्या पुढे रस्ता खड्ड्यांचा आहे, तिथे गुडघ्याला काहीतरी टोचल्यासारखं झालं म्हणून खाली बघितलं, तर रंगाला तडा गेला होता. नागोठण्याला पोचेपर्यंत प्लास्टरची अख्खी खापरी सुटली आणि अर्धी रेघ घेऊन रस्त्यावर पडली. मागच्या ट्रकने तिचा भुगा केला.

शिफ्ट संपल्यावर चाचांकडे गेलो. ते आधी मनापासून हसले. "तुमी पेणवाले. टाकीवर पन गणपतीच बसवला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "टेंशन नको घेऊ. आपला पेंटर हाय. लांबी भरेल, कलर मॅच करेल, रेघ मारून देईल एकदम सरळ. तुज्या वालिदला कळनार पन नाय."

"सरळ मारली तरच कळेल," मी म्हणालो.

ती रेघ जशी होती तशी मारणारा पेंटर रोह्यातच काय, कुठेच मिळाला नसता. घरी येताना मला भीती वाटत होती, आणि ती गाडीची नव्हती. इतक्या दिवसांनी बाबांनी एक काम केलं आणि ते आठवडाभरही टिकलं नाही. आता ते ब्रशकडे बघणारसुद्धा नाहीत, अशी माझी खात्री झाली होती.

गाडी दारात लावली आणि टाकीची प्लास्टर पडलेली बाजू त्यांच्याकडे केली. बाबा उठून आले. उरलेल्या प्लास्टरच्या कडेवर त्यांनी बोट फिरवलं.

"काथ्या नाय घातला मी," ते म्हणाले. "मोठ्या मूर्तीत घालतो ना, तसा घालायला हवा होता. धरून राहतो."

"काथ्यानेही राहिलं नसतं, बाबा. पत्र्याला प्लास्टर धरतच नाही. चाचांनी लांबी सांगितली होती."

"मग तू तेव्हा का नाय बोललास?"

मी गाडीचा स्टँड नीट लागलाय का ते बघत राहिलो.

"नि रेघ? ती वाकडी होती. दिसली नाय तुला?"

"दिसली."

"ह्याला दिसली?" त्यांनी चुलतभावाकडे हात केला. चुलतभावाने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"दोघं माझ्या हाताखाली शिकलात," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमची रेघ वाकडी आली की मी काय करायचो?"

"ओरडायचात. मग पुसायला लावायचात."

"व्हय. नि आता मी कायपण करू दे, एक नंबर. मस्त. पाव्हण्याला बोलतात तसं. म्हणजे मी कारखान्यातनं गेलोच ना?"

चुलतभाऊ आत निघून गेला. मी तिथेच उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना इतकं सांभाळलं होतं की त्यांच्यापाशी काहीच राहिलं नव्हतं, आणि सांभाळण्यात मीच सगळ्यांत पुढे होतो.

दुसऱ्या दिवशी मी लांबीचा डबा आणला. बाबांनी डब्यावरचं लिहिलेलं वाचलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि लांबी भरली. पाणी मारत पॉलिश पेपरने घासली. चुलतभावाने रंग मारला. तो पक्का वाळल्यावर बाबांनी ब्रश घेतला, मनगट धरलं आणि रेघ ओढली. या वेळी पोच्याची जागा पार झाली, पण शेवटच्या वळणावर हात हलला.

बाबा मागे सरकले आणि माझ्याकडे बघू लागले. चुलतभावाचं काम थांबलं होतं. आई दारात येऊन उभी होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती, बोलू नको म्हणून.

"वाकडी आहे," मी म्हणालो.

बाबांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि सगळी रेघ पुसून काढली.

"चहा ठेव गो," ते आईला म्हणाले. "आज वेळ लागेल."